फळीचं टेबल केलं तो उन्हाळा

मे महिना लागला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. शाळेला सुट्ट्या असतात, पेपर तपासून झालेले असतात, उकडलेल्या कैऱ्यांचं पन्हं फ्रीजमध्ये गार होत असतं. म्हणजे तसं पाहिलं तर माणसानं कूलरसमोर पडून राहावं असेच हे दिवस. पण मी पडत नाही. मी घरभर फिरते. कूलरमध्ये पाणी आहे का ते बघते, पाच मिनिटांनी परत बघते. गॅलरीत जाते, तापलेल्या कठड्याला हात लागला की "आई गं" करत आत येते. सासरे म्हणतात, "सूनबाई, बस न वं एका जागी. तुले पाहूनच मले गरगरते." मी बसते आणि दोन मिनिटांत उठते.

परवा तर कहरच झाला. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा दिवस होता आणि आमच्या इतवारीतल्या गल्लीच्या टोकाला जी शाळा आहे, तिथे केंद्र आलं होतं. भर दुपारी, चप्पल डांबराला चिकटेल अशा उन्हात पोरांची रांग. पूर्ण बाह्या चालत नाहीत, बूट चालत नाहीत, अंगावर धातूचा कण चालत नाही. एक बाई आपल्या पोरीच्या कानातलं काढायला धडपडत होती. ते निघेना आणि पोरगी रडकुंडीला आलेली. "हालू नको न वं, हालू नको," बाई ओरडत होती आणि थरथरत होते तिचे स्वतःचेच हात. मी घरातून वाटीत साबणाचं पाणी घेऊन पळत गेले. कानातलं निघालं, पोरगी आत गेली. बाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, एकदाचं हिचं झालं की मी सुटली." मी नुसती मान हलवली. माझ्या पोरीचं दोन वर्षांपूर्वीच झालं. मी कुठे सुटले?

दोन वर्षांपूर्वी त्या रांगेत माझी सलोनी होती. बारावीनंतर पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं म्हणून एक वर्ष घरी राहून तिनं पुन्हा तयारी केली. घरात आम्ही चौघं. मी, सलोनी, रोज सावनेरला खाणीच्या ऑफिसात जाऊन-येऊन करणारे तिचे बाबा, आणि माझे सासरे. त्यांना सलोनी आबाजी म्हणते आणि मी मामाजी. मी शाळेत भूगोल शिकवते. भरती-ओहोटी, सागरी प्रवाह, लाटांचं खननकार्य, सगळं मला तोंडपाठ आहे. प्रत्यक्ष समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही शाळेच्या सहलीबरोबर. आणि पाहिला तरी काय, मी समुद्राकडे पाठ करून बेचाळीस पोरं मोजत होते.

त्या वर्षी आमचं घर म्हणजे परीक्षेचा मांडवच झाला होता. भिंतींवर तक्ते, फ्रीजवर सूत्रं, न्हाणीघराच्या दारावर हाडांची नावं. टीव्ही बंद. पाहुणे बंद. मी सलोनीवर कधी ओरडले नाही हं, हे मुद्दाम सांगते. मी फक्त विचारायचे. "किती झालं?" "उजळणी कधी?" "आज लवकर उठली नाही वाटते?" दारातून जाता जाता, पदराला हात पुसत, अगदी सहज. ओरडणाऱ्या आयांना मी मनातून नावं ठेवायचे. आपण तशा नाही याचा मला चांगलाच गर्व होता.

मार्चमध्ये, ऊन नुकतं चढायला लागलं होतं तेव्हा, जेवणानंतरच्या अर्ध्या तासात सलोनीला फोनवर ते दिसलं. कुठल्याशा किनाऱ्यावर तिच्याच वयाची एक सावळी मुलगी, पायाखाली लांब फळी, आणि मागून येणारी घराएवढी लाट. तिनं मला दाखवलं. मी "छान" म्हटलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पण पोरगी तिथेच थांबली नाही. हा खेळ आला कुठून हे शोधत ती थेट हवाई बेटांवर पोचली, आणि एका रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना तिनं ते सगळं ताटात आणून ओतलं.

"आई, हवाई बेटं माहीत आहेत न तुले?"

"भूगोल शिकवते मी," मी म्हटलं. "पॅसिफिकच्या मधोमध. ज्वालामुखी. तुझ्या परीक्षेत नाही ते."

"अवं, तिथले लोक कधीपासून लाटेवर उभे राहत, कोणालेच माहीत नाही. इतकं जुनं आहे. सरदार, राजे, कोळी, लेकरं, सगळे. बाया पण! काही राण्या तर अशा होत्या का त्यांच्यासमोर पुरुष फिके. चांगली लाट आली की गावच्या गाव काम टाकून पाण्यात. शेतातलं शेतात, चुलीवरचं चुलीवर."

"मंग जेवत काय होते?" तिच्या बाबांनी विचारलं. ते वरण-भातावरच लक्ष देऊन होते.

"जेवत होते न! पण लाट आधी."

 मामाजींनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "फळी कायची?"

मला आजही वाटतं, तिथेच सगळं ठरलं. हे माणूस चाळीस वर्षं मागावर बसलेलं. करवतीच्या दातांसारखा काठ असलेल्या साड्या विणायचे, धाग्याचे तीन-तीन धोटे एका वेळी सांभाळत. घरात टाइल्स बसवल्या तेव्हा पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा बुजवला आणि माग मोडला. त्यातल्या दोनच वस्तू त्यांनी राखल्या. एक, ज्यावर बसून विणायचे ती सागवानी फळी, आणि दुसरा, विणलेलं कापड ज्यावर गुंडाळत जायचे तो जाड लाकडी रूळ. दोन्ही जुन्या धोतरात बांधून माळ्यावर. दसऱ्याला खाली उतरवायचे, तेलाचा हात फिरवायचे, हळद-कुंकू वाहायचे, आणि परत बांधून वर. त्यांना राणीशी काय देणंघेणं! त्यांना लाकूड कळतं.

सलोनीनं सांगितलं. मोठ्या सरदारांच्या फळ्या लांबच लांब, हलक्या लाकडाच्या, दोघांनी उचलाव्या अशा. बाकीच्यांच्या आखूड आणि पातळ, कोआ नावाच्या झाडाच्या, नाहीतर फणसासारख्या एका झाडाच्या. झाड तोडायच्या आधी त्याच्या मुळाशी एक मासा ठेवायचे, प्रार्थना म्हणायचे. मग तासणं, मग समुद्रातल्या खरबरीत दगडानं घासणं, मग काळा रंग, मग तेल.

"ठेवाच लागते," मामाजी म्हणाले. "झाड काय आपल्या बापाचं हाय? इचारूनच घ्या लागते."

"आणि आबाजी, खेळून आले की फळी वाळवायचे, खोबरेल चोळायचे, कापडात गुंडाळायचे आणि घरातच टांगून ठेवायचे."

मामाजींनी वर माळ्याकडे पाहिलं. मग सलोनीनं पाहिलं. मी पोळ्या आणायला उठले.

दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर हॉलमधली सोफ्याची खुर्ची बाजूला ओढलेली, मधोमध टाइल्सवर मागाचा रूळ आडवा, त्यावर फळी ठेवलेली, आणि फळीवर आमची राजकन्या दोन्ही हात पसरून उभी. रूळ इकडे सरकला की फळी तिकडे, फळी तिकडे की ही इकडे. गर्र, गर्र. मामाजी पलंगावर मांडी घालून बसलेले आणि डोळे बारीक करून तिच्या पायांकडे बघताहेत.

माझ्या तर अंगाची आग झाली. "अवं माय! मागाच्या फळीवर पाय देऊन राहिली तू? दसऱ्याले पुजतो आपण ते! उतर आधी! मामाजी, तुम्ही बी पाहून राहिले?"

मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अवं सूनबाई, माग काय हातानं चालते? पायाखालच्या पट्ट्या दाबल्याबिगर एक धागा हालत नाही. चाळीस वर्षं पायानंच त पोट भरलं मी. लाग वं पोरी, तू लाग. पाहू नको खाली. पायाले डोळे असते."

पुढचा महिना आमच्या घरात तो आवाज होता. सकाळी कोचिंगला जायच्या आधी दहा मिनिटं, दुपारी वीस. बाहेर झळा सुटलेल्या, रस्त्यावर दूरवर पाणी असल्यासारखं चमकतंय, खिडकीत ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा वास, आणि हॉलमध्ये गर्र, गर्र. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत मिनिटं मोजायचे. सराव परीक्षेतले तिचे मार्क काही कमी झाले नाहीत, खरं सांगायचं तर दोन-चार वाढलेच. पण मला ते कमीच दिसायचे. तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा रंग आला होता, ती मागून घेऊन जेवत होती, आंघोळ करताना गाणं म्हणत होती, आणि मला काय वाटत होतं, सांगू? मला वाटत होतं, हिला परीक्षेची भीतीच उरली नाही. माझा जीव नुसता वर-खाली होत होता.

एकदा फळीवर उभ्या उभ्याच म्हणाली, "आई, हवाईत पीक निघालं न, की काही महिने सण राहायचा. युद्ध बंद. मोठी कामं बंद. नुसतं खेळायचं आणि नाचायचं. देवाचाच हुकूम होता तसा."

"तुही परीक्षा झाली का तुले बी चार महिने सुट्टी. मंग कर काय करायचं ते."

"मग जाऊ मी? कर्नाटकात किनाऱ्यावर शिकवतात. दहा दिवस असते. मुलींची वेगळी बॅच आहे."

मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, "पाहू."

आमच्या घरात 'पाहू' म्हणजे काय हे पाच वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. ती फळीवरून उतरली, रूळ भिंतीशी नेऊन ठेवला आणि पुस्तक उघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढली. पण त्यानंतर समुद्राचं नाव तिनं माझ्यासमोर काढलं नाही, मामाजींसमोर काढायची. मी आले की दोघं गप्प व्हायचे.

एप्रिल अर्धा सरला होता. मामाजी आणि तिचे बाबा उमरेडला लग्नाला गेले होते, तीन दिवसांसाठी. दुपारी हॉलमधून धप्प आवाज आला. मी धावले. सलोनी खाली बसलेली आणि उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी पट्टी बांधली, म्हणाले मुरगळलंय, दहा दिवसांत ठीक होईल, काळजीचं कारण नाही. डॉक्टर म्हणाले म्हणून आईची काळजी जाते होय? उजवा हात! परीक्षा तीन आठवड्यांवर! येताना ऑटोत बसलो. ती म्हणाली, "सॉरी आई." मी बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती कोचिंगला गेल्याबरोबर मी फळी आणि रूळ ऑटोत घातले आणि भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीतल्या सुताराकडे नेले. म्हातारा माणूस होता. त्यानं रुळावरून अंगठा फिरवला. "मॅडम, हे मागाचं आहे नं? असं सागवान आता भेटत नाही. कापू म्हणता?"

"कापा," मी म्हटलं.

फळीचा वरचा पाट आणि रुळाचे चार तुकडे करून चार पाय. मांडी घालून बसून अभ्यास करता येईल असं छान बैठं टेबल झालं. पॉलिशही करून घेतलं. सीताबर्डीला जाऊन एक नवा दिवा आणला, सरावाला काळी पेनं आणली, परीक्षेला चालणारी पाण्याची पारदर्शक बाटली आणली, आणि सगळं त्या टेबलावर मांडून ठेवलं. माझा मलाच इतका अभिमान वाटला! फळीचा मानही राहिला, पोरीचं भलंही झालं, कुणाला ओरडावं लागलं नाही. मास्तरीण आहे मी, सगळ्या गोष्टींचा उपयोग करून घ्यायची मला सवय.

सलोनी आली. दारातच थांबली. चपला काढल्या, तोंडावरचा दुपट्टा सोडला, टेबलाजवळ आली आणि वाकून पायांकडे पाहिलं. चारी पाय एक-एक करून. मला वाटलं आता रडेल, भांडेल, काहीतरी फेकेल. मी तयारीत होते. तिनं मांडी घातली, पुस्तक काढलं आणि म्हणाली, "थँक यू, आई."

त्या दिवसापासून ती पोरगी अशी अभ्यासाला लागली की काय सांगू! पट्टी बांधलेल्या हातानं नोट्स काढल्या. जेवायला हाक मारावी लागायची. विचारायची सोयच ठेवली नाही, मी तोंड उघडायच्या आत उत्तर. "झालं. उजळणी चालू आहे. उद्या दुसरा भाग." घर शांत झालं. मला वाटलं, जिंकले.

मामाजी लग्नाहून आले. टेबल दिसलं तसे खाली बसले, ते हळूच उलटं केलं आणि पायांना हात लावून पाहिला. कित्येक वर्षं ओलं-सुकं कापड घट्ट गुंडाळून रुळाला जे बारीक वळ पडले होते, ते पॉलिशखालीही बोटाला लागत होते. "रूळ कापला," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"मामाजी, पोरगी पडली. हात मोडला असता. तिच्या भल्यासाठीच केलं मी."

"हाव. बरं केलं." मग टेबल सरळ करून ठेवलं आणि चहा मागितला. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मी आज इतकी फिरत नसते घरभर.

परीक्षा झाली. मी रांगेत तिच्या मागे उभी होते, डोक्यावर ओला रुमाल धरून. ती आत जाताना वळली नाही. जूनमध्ये निकाल लागला, आणि लागला तो असा की तिच्या बाबांनी अख्ख्या गल्लीत संत्रा बर्फी वाटली. खरं तर पाठवायला हवं होतं तिला किनाऱ्यावर, तेव्हाच. मी वाट पाहत होते की ती विचारेल. तिनं विचारलं नाही. मीही विषय काढला नाही, म्हटलं विसरली असेल, बरंच झालं. ती दिवसभर पलंगावर पडून फोन बघायची. काय बघतेस म्हणून मी डोकावले, तर कुणीतरी केक बनवत होतं.

आणि नेमकं तेव्हाच मला ते पुस्तक सापडलं. शाळा सुरू झाली होती, पाऊस रेंगाळला होता, ग्रंथालयात मी वर्गासाठी नकाशे काढत होते. पॅसिफिक बेटांवरचं एक जाडजूड जुनं इंग्रजी पुस्तक, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं. पोरीनं काय पाहिलं होतं ते बघावं म्हणून उघडलं, आणि उभ्या उभ्याच वाचत राहिले.

तिनं सांगितलेलं सगळं त्यात होतं. मासा होता, तेल होतं, कापडात गुंडाळणं होतं. समुद्र सपाट असला तर किनाऱ्यावरच्या लांब वेली तोडून, त्या पाण्यावर आपटत, गाणी म्हणून लाटांना बोलावणारी माणसं होती. वाचताना मला आधी हसू आलं. आम्हाला पाऊस बोलावणं माहीत. लाटेला आवतण देणारी माणसंही असतील या जगात, हे वीस वर्षं भूगोल शिकवून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढे मग गोरे लोक आले. जहाजं आली, रोग आले, आणि माणसं इतकी मेली की गावं ओस पडली. उरलेल्यांना नवी कामं आली, नवे कपडे आले, नवा देव आला, आणि शाळा आल्या. ते पान मी तीनदा वाचलं. कारण मला वाटत होतं की या खेळावर बंदी घातली असणार, कुणीतरी दुष्ट माणसानं हुकूम काढला असणार. तसं काही नव्हतं. धर्मप्रसारक म्हणायचे, आम्ही कुठे मना केलं? आम्ही तर फक्त चांगलं वळण लावलं. आणि खरंच, बहुतेक ठिकाणी नुसती नापसंती होती. शिकलेल्या, भल्या माणसांची नापसंती. उघड्या अंगानं पाण्यात खेळणं म्हणजे आळस, आणि पाटीवर अक्षरं गिरवणं म्हणजे पुढे जाणं. हळूहळू लोकांचं मनच त्यातून उठलं. आणि त्याच पानावर खाली बारीक टाइपात लिहिलं होतं की काही गावांत त्या लांब फळ्या कापून शाळेसाठी बाकं आणि लिहायची टेबलं केली होती, असं जुने लोक सांगत.

आता हे कितपत खरं, कितपत सांगोवांगी, मला माहीत नाही. पुस्तकातही 'असं सांगतात' असंच होतं. पण मी तिथे, ग्रंथालयात, नकाशांचं भेंडोळं छातीशी धरून मटकन खाली बसले. शिपाईकाका धावले, "मॅडम, बीपी वाढला काय?" मी म्हटलं, नाही हो, ऊन लागलं. जुलै महिन्यात!

ते पुस्तक घरी आणून मी पोरीला दाखवायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की हे बघ, ती फळ्या कापणारी माणसं होती न, त्यांच्यातली मी. नाही दाखवलं. लाज वाटली. पुस्तक पुन्हा जागेवर ठेवलं, आणि तरी अधूनमधून मधल्या सुट्टीत जाऊन शेवटची पानं वाचायचे, औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचतात तशी. कारण शेवटी ते मेलं नाही, असं त्यात आहे. कुठल्या तरी आडबाजूच्या किनाऱ्यांवर दोन-चार माणसं लाटेवर जात राहिली, कुणी बघत नसताना. मग एका पिढीनंतर, दोन पिढ्यांनंतर, एका किनाऱ्यावरची तरुण पोरं पुन्हा फळ्या घेऊन पाण्यात उतरली, आणि तिथून तो खेळ जगभर गेला. इतका गेला की आता मूळच्या लोकांनाच सांगावं लागतं, बाबांनो, हे आमचं आहे. पण त्या मधल्या पिढ्यांचं काय? ज्यांच्या घराच्या दारात समुद्र होता आणि ज्यांना उतरावंसं वाटलं नाही, त्यांचं काय? त्यांच्याबद्दल पुस्तकात एक ओळ नाही. मी शोधली.

सलोनीला कोकणातलं कॉलेज मिळालं. दसऱ्याच्या आधीच ती गेली. दसऱ्याला मामाजी सकाळी आंघोळ करून आले, सवयीनं माळ्याखाली उभे राहिले, मग सलोनीच्या खोलीत गेले आणि त्या टेबलालाच हळद-कुंकू लावून आले. मी देवघरातून बघत होते. माझ्या हातात आपट्याची पानं होती. जाऊन त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "सुखी राय," आणि बाहेर गेले.

आता तिचं दुसरं वर्ष चालू आहे. तिच्या हॉस्टेलपासून समुद्र पायी दहा मिनिटं. भूगोलाच्या बाईच्या पोरीला राहायला समुद्र मिळाला, म्हणून मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. दोन वर्षांत तिनं फोटो खूप पाठवले. मेसचं जेवण, मैत्रिणींचे वाढदिवस, पांढरा कोट. समुद्राचा एकही नाही. मी विचारायचे नाही. विचारण्याची माझी लायकी मी गमावली आहे असं वाटायचं, आणि तरी रोज फोन ठेवला की तोच प्रश्न तोंडात उरायचा.

परवा ती कानातलं काढणारी बाई गेली, रांग आत गेली, फाटक बंद झालं. साबणाची वाटी हातात घेऊन मी उन्हात उभी होते. घरी आले, पाणी प्यायले, बसले, उठले. शेवटी सलोनीला फोन लावला. दुपारचे तीन वाजले असतील. तिनं लगेच उचलला.

"काय झालं आई? या वेळेला?"

"काही नाही. सलोनी, तू समुद्रावर गेली का वं कधी?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"बाकीच्या जातात रविवारी. मी झोपून घेते."

"काहून पण? तुले त किती हौस होती."

"होती," ती म्हणाली. मग म्हणाली, "मन नाही होत आता."

मी घाईघाईनं बोलायला लागले. म्हटलं, तुमच्या तिथेही शिकवतात म्हणे फळीवर उभं राहायला, मी फोनवर पाहिलं, सुट्टी लागली की जाय, दहा दिवस राहा, मैत्रिणीला घेऊन जाय, मी बाबाशी बोलते, मीच म्हणून राहिली न, जाय.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"आता तू म्हणते म्हणून जाऊ?" तिनं विचारलं.

चिडून नाही विचारलं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. पेशंटला कुठे दुखतं विचारावं, तसं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "माझ्यासाठी नको जाऊ. माझ्यासाठी काही नको करू तू आता." आणि मग जे दोन वर्षं गिळून बसले होते ते सगळं एकदम वर आलं. "मी चुकली, बेटा. ते टेबल नव्हतं करायचं मी. तू हसत होती न, ते पाहून मले भेव वाटे. मी लय चुकली." मी इतक्या जोरात रडले की आतल्या खोलीतून मामाजी काठी टेकत बाहेर आले आणि दारातच उभे राहिले.

 पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. मग अगदी हळू आवाजात, मायेनं, मला समजावत म्हणाली, "आई, रडू नको न. सोमवारी पेपर आहे माझा."